चंद्रहासची हेरॉल्ड

आमच्या पापडी गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की हॉल आणि बँडवाल्याच्या आधी चंद्रहासला विचारायची पद्धत होती. "गाडी मोकळी हाय ना रे?" गाडी मोकळीच असायची. दुधी रंगाची स्टँडर्ड हेरॉल्ड, चंद्रहासच्या वडिलांनी मुंबईच्या एका पारशी डॉक्टरकडून घेतलेली. आमच्या आळीतली प्रत्येक नवरी तिच्यातून गेली, हिंदूंची असेल तर मांडवात आणि ख्रिस्ती असेल तर चर्चला. माझी बायको त्याच गाडीतून आली आणि माझी मुलगी त्याच गाडीतून गेली. आता लोक भाड्याच्या लांबलचक पांढऱ्या गाड्या आणतात. त्या आमच्या गल्लीत शिरतात आणि मग अर्धं गाव कामधंदा सोडून त्यांना मागे घ्यायला धावतं. हेरॉल्ड मात्र चिंचोळ्या जागेतही एका दमात वळायची.

मी चंद्रहासचा शेजारी. त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यात एक कुंपण, तेही अर्धं पडलेलं. मी जन्मभर गोदीत कारकुनी केली आणि वाडी नावाला ठेवली. त्याने मात्र नोकरीचं नाव काढलं नाही. केळी, पानवेल, सोनचाफा, पावसाळ्यात शिराळी आणि दुधी, एवढ्यावर त्याने संसार केला. बोलायला एक नंबर. कुंपणाच्या पलीकडून त्याचा आवाज आला नाही असा माझा एक दिवस गेला नसेल. गोदीतून थकून यावं, तर हा केळीच्या पानाआडून विचारणार, "काय साहेब, आज किती जहाजं बुडवली?"

शेवटची काही वर्षं गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं होतं. त्यावरही त्याचा विनोद ठरलेला. "आमच्या हेरॉल्डला आधी सांगावं लागतं. मग ती विचार करते. पटलं तर वळते." वळण यायच्या जरा आधीच तो स्टिअरिंग फिरवायला लागायचा आणि गाडी बरोबर वळायची. आम्ही हसायचो. त्या विनोदावर आम्ही इतकं हसलो, की त्याच्यामागे एखादा बिघाड असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. शहाण्यासुरत्या माणसांची ही तऱ्हा. मला आजही त्याची चीड येते.

कौस्तुभ त्याचा एकुलता एक मुलगा. वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर होता. सुट्टीच्या दिवशी हेरॉल्डच्या खाली पाय तेवढे बाहेर दिसायचे, म्हणजे कौस्तुभ घरी आहे हे समजायचं. बापासारखा बडबड्या नव्हता. तो डेंग्यूने गेला. तिशीही गाठली नव्हती, लग्न ठरत आलं होतं. ताप आला, दवाखान्यात नेलं, बरा होतोय असं म्हणेपर्यंत सगळं संपलं.

तेव्हापासून चंद्रहास गप्प झाला. रडला असता तर मला समजलं असतं. तो रडला नाही. स्मशानातून आला, अंघोळ केली आणि केळीला पाणी सोडायला गेला. पुढेही वाडीचं एक काम चुकलं नाही. पानं वेळेवर खुडली, चाफा वेळेवर काढला. समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. एकदा केळीचा घड उतरवताना कोयता अंगठ्यात शिरला. मी कुंपण ओलांडून धावत गेलो, तर हा रक्ताकडे नुसता बघत उभा. "दुखत नाय का रे?" मी ओरडलो. "नाय," म्हणाला. त्याला खरंच दुखत नव्हतं. आपण काही विचारलं की "बरं" किंवा "नाय", एवढ्या दोन शब्दांवर त्याने दिवस काढायला सुरुवात केली.

कौस्तुभ गेल्यानंतरच्या मार्गशीर्षात वटारला यमुनावहिनींच्या माहेरी बारसं होतं. वहिनी म्हणजे चंद्रहासची बायको. त्यांनी त्याला जबरदस्तीने नेलं, माणसांत बसेल म्हणून. तिथे कुणीतरी बाळ त्याच्या मांडीवर दिलं. वहिनींनी मला पुढे सांगितलं, की केळ्यांची करंडी धरावी तसं त्याने ते बाळ धरलं होतं. परत येताना दुपार होती, रस्ता कोरडा, समोरून कुणी येत नव्हतं. सांडोरजवळ रस्ता उजवीकडे वळतो आणि डाव्या हाताला बावखल आहे. इमारती बांधण्यासाठी आमच्याकडची निम्मी बावखलं लोकांनी बुजवली. हे एक जुनं तळं तेवढं शिल्लक आणि काठोकाठ भरलेलं. हेरॉल्ड वळलीच नाही. सरळ गेली आणि बावखलात उतरली.

पाणी छातीभर होतं, म्हणून दोघं वाचली. शेतातल्या माणसांनी ओढून काढलं. वहिनींचं खांद्याचं हाड मोडलं. त्यांचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. चंद्रहासला खरचटलंसुद्धा नाही. ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढली आणि त्याच्या वाडीतल्या शेडमध्ये आणून टाकली. कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे कुणी गाडीची तपासणी केली नाही. पंचनामा झाला तो गावाच्या जिभांवर.

गाडी गेली की घातली, एवढाच प्रश्न होता. दिवसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर, पाठ असलेल्या वळणावर चाळीस वर्षं गाडी हाकणारा माणूस बावखलात कसा जाईल? त्यात पोरगा गेल्यापासून हा असा. लोक माझ्यासमोर बोलायचे नाहीत, मी तोंड सोडतो हे त्यांना माहीत होतं. पण मागे बोलायचे. आणि खरी गोष्ट सांगायची तर वहिनींनाही तेच वाटत होतं. हात गळ्यात बांधलेला असतानाच त्यांनी वाडीतले फवारणीच्या औषधाचे डबे त्यांच्या मैत्रिणीकडे, जयवंतीकडे, पलीकडच्या आळीत ठेवायला दिले. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. नवऱ्याला एका शब्दाने काही विचारलं नाही. चहा, जेवण, कपडे सगळं पहिल्यासारखं. फक्त तो वाडीत गेला की दहा मिनिटांत त्याही काहीतरी निमित्त काढून वाडीत.

मला हे बघवेना. एके संध्याकाळी मी त्याला पानवेलीच्या मांडवाखाली गाठलं आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं? मला सांग. मी कुणाला बोलणार नाय."

त्याने वेलीला एक गाठ मारली. मग म्हणाला, "मलाच नाय माहीत."

"म्हणजे?"

"वळण दिसत होतं. हात स्टिअरिंगवर होते. त्या हातांनी काय केलं ते आठवत नाय. पण पाणी आत आलं ना, तेव्हा मनात आलं, बरं झालं. म्हणून म्हणतो, मीच घातली असणार."

"बाजूला वहिनी बसली होती!"

"हां. तेच," तो म्हणाला.

मला त्याच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या. माणसाने गुन्हा केला नाही तर तो कबूल का करावा? आणि केला असेल तर इतक्या थंडपणाने सांगावं कसं? मी घरी आलो आणि बायकोवर उगाच खेकसलो. तेव्हापासून तो प्रश्न माझाही झाला. माझा मित्र आपल्या बायकोला घेऊन मरायला निघाला होता की नाही, हे मला कळायला हवं होतं.

यंदा दिवाळीनंतर प्लासिड आला. प्लासिड आमच्याबरोबर शाळेत होता. पुढे पापडीच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं, ते आता बंद केलंय. त्याच्या मुलीचं, क्लेमेंटीनचं, लग्न नाताळानंतर ठरलं होतं. ती आणि कौस्तुभ एका बाकावर बसून शिकलेले. प्लासिड शेडच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "चंद्रहास, पोरगी चर्चला जाणार ती हेरॉल्डमधून. तिचा हट्ट हाय. गाडी मी उभी करतो. चालवायची तू."

"नाय," चंद्रहास म्हणाला.

"चालवायचं मागाहून बघू. उभी तर करू दे."

"बरं."

वहिनींनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, पण दाराशीच थांबल्या, आत आल्या नाहीत. मी आणि प्लासिड आत गेलो. बावखलाचा चिखल गाडीवर तसाच वाळलेला होता. हेरॉल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं नाही. अख्खं नाक मडगार्डासकट पुढे झुकतं आणि सगळं इंजिन उघडं पडतं. पुढच्या चाकावर चक्क बूड टेकून काम करता येतं. कौस्तुभ तसाच बसायचा. प्लासिडने धुणं, पुसणं, ब्रेक, पेट्रोलची टाकी यांत कित्येक दिवस घालवले. चंद्रहास बोलावलं तर यायचा, सांगितलं ते धरायचा आणि काम झालं की निघून जायचा.

मग एका सकाळी प्लासिडने पुढची चाकं जॅकवर उचलली, स्टिअरिंगशी बसला आणि मला म्हणाला, "चाकाकडे बघ. वळलं की सांग."

त्याने स्टिअरिंग फिरवलं. चाक ढिम्म.

"वळलं?"

"नाय."

"आता?"

"अरे नाय म्हटलं ना!"

स्टिअरिंग पाव फेरा फिरलं तेव्हा कुठे खाली खट्ट झालं आणि चाक जरासं सरकलं. प्लासिड खाली उतरला, टॉर्च घेऊन बॉनेटच्या बाजूने वाकला आणि बघतच राहिला.

त्याने मला दाखवलं. स्टिअरिंगचा दांडा वरून येतो आणि चाकं वळवणारा आखूड दांडा खालून. दोघांच्या मध्ये रबराची एक जाड चकती असते. वरच्या दांड्याचे दोन बोल्ट आणि खालच्याचे दोन, असे चौघे तिच्यात अडकवलेले. रस्त्याचे हादरे थेट हातात येऊ नयेत म्हणून मध्ये रबर. तिला कपलर म्हणतात. हेरॉल्डमधला कपलर चार भोकांपैकी दोन ठिकाणी आरपार फाटला होता. वरचे बोल्ट फाटलेल्या जागेत मोकळे हिंडत होते आणि खालच्या बोल्टांवर आपटले तरच चाकाला हुकूम पोचत होता.

"चंद्रहास!" मी बोंब मारली. तो केळी सोडून आला. प्लासिडने रॉकेल घालून, हातोडीने ठोकून गंजलेले बोल्ट सोडवले आणि तो तुकडा बाहेर काढला. उजेडात धरला. त्याच्या कडेला कापडाचे थर दिसत होते.

"हा कपलर नाय," प्लासिड म्हणाला. "हा पट्टा हाय. वाडीतल्या इंजिनाचा. कुणीतरी गोल कापून बसवलाय. पट्टा लांबीतच ओढला जातो, आणि तोही एकाच बाजूला, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. इथं तो दोन्ही बाजूंना पिळला जाणार. आडवा फाटणारच."

आम्ही वाडीवाले. पूर्वी आमच्या विहिरींवर डिझेलची इंजिनं होती आणि ती कापडी रबराच्या पट्ट्यावर पंप फिरवायची. बाकी सगळं मोडायचं, पट्टा मोडायचा नाही. वाडीवाल्याच्या घरात काहीही तुटलं तरी त्याचा हात आधी जुन्या पट्ट्याकडे जायचा. दाराच्या बिजागरीला पट्टा, चपलेला पट्टा, पाळण्याच्या कडीला पट्टा. स्टिअरिंगला पट्टा लावायचं मात्र आमच्यापैकीच कुणाला सुचावं.

प्लासिडने तुकडा उलटा केला. "ही फाट जुनी. तेल बसून काळी झालीय. आणि ही बघ, ही वेगळी. एका झटक्यात झालेली. धागे सगळे एकाच दिशेला निघालेत." त्याने तुकडा हवेत धरून स्टिअरिंग फिरवल्याची खूण केली. "उजवीकडे. चंद्रहास, तू उजवीकडे वळवलं होतंस. सगळ्या ताकदीनं. गाडीनं ऐकलं नाय."

मला इतका आनंद झाला की मी प्लासिडला मिठी मारली, तेल, रॉकेल सगळ्यासकट. सांडोरला उजवीकडे रस्ता होता. माझा मित्र रस्त्याकडे वळत होता. मी चंद्रहासकडे वळलो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने तो तुकडा प्लासिडच्या हातातून घेतला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"बरं," म्हणाला, आणि केळीकडे गेला.

मी त्याच्यामागे गेलो. माझं डोकं फिरलं होतं. "बरं काय? अरे, सुटलास तू! चल, वहिनीला सांगू."

"तिला नाय सांगायचं."

"का?"

"कौस्तुभनं कापला होता तो." त्याचा आवाज भाव विचारावा तितका सपाट होता. "पार्ट मिळत नव्हता. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद. वाडीत बसून गोल कापला. चार भोकं पाडली. मला दाखवायला आणला. मी म्हटलं, शाब्बास."

मी त्याच्या खिशाकडे बघितलं.

"मी सुटायचं म्हणजे पोराच्या माथी मारायचं," तो म्हणाला. "तिचा हात मोडला तो त्याच्यामुळं, असं तिला सांगू? तो असता तर रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, झालं. आता कुणावर रागावणार? माझ्यावर रागावलीय ते बरं हाय. मी हाय इथं."

"आणि तुझं काय?"

"माझं चाललंय."

मी भांडलो. शिव्या घातल्या. वहिनी घरात विषाचा डबा ठेवत नाहीत, ते कुणामुळे, हेही विचारलं. त्यालाही तो "बरं" म्हणाला. भिंतीशी भांडलो असतो तर निदान घसा तरी सत्कारणी लागला असता. शेवटी वचन देऊन बसलो, की वहिनींना मी काही सांगणार नाही. प्लासिडलाही गप्प राहायला सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण पट्टा कुणाचा हे प्लासिडला माहीतच नव्हतं.

नवा कपलर मद्रासहून कुरिअरने आला. जुन्या हेरॉल्डवाल्यांची आपसात ओळख असते, त्यातून प्लासिडने मिळवला. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो आला. आधी दोन्ही दांड्यांवर त्याने पांढऱ्या रंगाची एक-एक रेघ मारली, स्टिअरिंग सरळ असताना चाकंही सरळ राहावीत म्हणून. डॅशबोर्डखालचा क्लॅम्प सैल करून वरचा दांडा जरा वर ओढला. दांड्यावरचे दाते तारेच्या ब्रशने घासले. चकती मधे सरकवली, रेघेला रेघ जुळवली, नवे नट आवळले. मग एक बोटभर वायर काढली आणि कपलरच्या वरून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जोडली. "रबरातून करंट जात नाय," मला म्हणाला. "ही नसेल तर हॉर्न मुका." मला आठवलं, हेरॉल्डचा हॉर्नसुद्धा कधी वाजायचा, कधी नाही. त्यावरही चंद्रहासचा एक विनोद होता.

"बस," प्लासिडने चंद्रहासला सांगितलं. चंद्रहास स्टिअरिंगशी बसला. गाडी जॅकवरच होती. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि चाक लगेच वळलं. त्याने हात झटकन मागे घेतले. पुन्हा ठेवले, बोटभर फिरवलं, चाक बोटभर वळलं. तो किती वेळ तेच करत बसला होता. इकडे थोडं, तिकडे थोडं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे उजव्या हातावर तोललेला, डावा नुसता टेकवलेला. या वेळी दाराशी थांबल्या नाहीत.

"झालं का प्लासिडभाऊ?"

"झालं, वहिनी." प्लासिड खुशीत होता. मी त्याला डोळ्याने खुणावलं, ते त्याला दिसलं नाही. "गाडी आता लोण्यासारखी. वहिनी, तुमचा नवरा देव बरा म्हणून वाचला. कपलर फाटलेला होता. यानं उजवीकडं वळवली होती, रस्त्याकडं, पण चाकांना कळलंच नाय. कुणा अडाण्यानं पंपाचा पट्टा कापून बसवला होता आत. तो भेटला तर कानाखाली देईन त्याच्या."

वहिनींनी ट्रे मडगार्डावर ठेवला. कप हलले आणि चहा बशीत सांडला. प्लासिडला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना.

"मी बसवला होता," चंद्रहास गाडीतून म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही?"

"हां. मीच कापला. चूक झाली माझी."

"तुम्ही नाही," वहिनी म्हणाल्या. "कौस्तुभनं कापला. मागच्या ओट्यावर. पट्टा कापताना वर उसळत होता, म्हणून दुसरं टोक मी पायाखाली धरून बसले होते. माझी विळी घेतली होती त्यानं, तिची धार गेली म्हणून मी ओरडले त्याला."

प्लासिडने तोंडावर हात घेतला. "वहिनी, मला नाय माहीत... देवाशपथ..."

"असू दे भाऊ. चूकच होती ती." वहिनी म्हणाल्या. पुढचं त्या नवऱ्याशी बोलल्या. "त्याची चूक तुम्ही घ्यायची नाही. आता त्याचं काय उरलंय आपल्याकडे? चूक का होईना, ती त्याच्याच नावावर राहू दे."

चंद्रहास मान खाली घालून बसला होता.

"म्हणजे तुम्ही घातली नव्हती," वहिनी म्हणाल्या.

"नाय."

"मला वाटलं घातली."

"मलाही," चंद्रहास म्हणाला. मग पहिल्यांदाच त्याने आपणहून काही विचारलं. "मग तू राहिलीस कशाला? अपघातानंतर तुझा भाऊ न्यायला आला होता. जायचं होतंस."

"राखण कोण करणार होतं?" वहिनी म्हणाल्या. "एक गेला होता. तुम्हालाही जाऊ द्यायचं होतं?" त्यांनी पदराने नाक पुसलं आणि मग रागाने, अगदी पहिल्यासारख्या कडक आवाजात म्हणाल्या, "मला बरोबर नेलंत म्हणून मी रागावले नव्हते. विचारलं नाहीत म्हणून रागावले होते. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. तुम्हालाही जाऊ दिलं नसतं."

मी चंद्रहासकडे बघत होतो. आधी त्याची हनुवटी हलायला लागली. त्याने ती हाताने धरली, तरी थांबेना. मग तोंडातून एक आवाज निघाला, तो मला रडण्याचा वाटलाच नाही, काहीतरी घशात अडकलं असं वाटून मी पुढे झालो. प्लासिडने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि शेडच्या दारापर्यंत नेलं.

"यमुना, मी वळवली होती गं," चंद्रहास म्हणाला.

"हो."

"उजवीकडे वळवली होती. रस्त्याकडे. खूप जोरात वळवली होती."

वहिनी गाडीच्या दाराशी गेल्या, चांगल्या हाताने त्याचं डोकं पोटाशी धरलं. "कळलं," म्हणाल्या. "आता कळलं मला."

तो तरी सांगतच राहिला.